खिशातली सॉर्बिट्रेट आणि मित्राने दिलेली गोळी

वाचकाचं पत्र (नाव-गाव गाळून, थोडं संक्षिप्त करून):

स. न. वि. वि. माझं वय ५८. चौदा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आता तब्येत बरी आहे. सकाळी तीन किलोमीटर चालतो, शेतावर जातो, छातीत दुखत नाही. बारा वर्षांपासून शुगर आहे. अडचण वेगळीच आहे. ताठरता नीट येत नाही, आली तर टिकत नाही. अटॅकच्या आधीही दोन-तीन वर्षं थोडाफार त्रास होता, आता फारच वाढलाय. एका मित्राने सिल्डेनाफिल १०० ची गोळी दिली आहे. "मीही हार्टवालाच, मला काही झालं नाही," असं तो म्हणतो. ती दोन महिने कपाटात पडून आहे. बायको म्हणते, नको ते धाडस. दुसऱ्या एकाने आयुर्वेदिक कॅप्सूल सुचवली आहे, डबीवर "साइड इफेक्ट नाही" असं छापलंय. माझ्या चालू गोळ्या: इकोस्प्रिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, रोसुव्हास्टॅटिन २०, मेटोप्रोलॉल ५०, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ एकत्र, निकोरँडिल ५ दोनदा, मेटफॉर्मिन ५०० दोनदा, आणि लघवीच्या तक्रारीसाठी रात्री टॅम्सुलोसिन ०.४. खिशात सॉर्बिट्रेट ५ असते, अटॅकनंतर ती कधी लागली नाही. बीपी १२४/७८ च्या आसपास. तंबाखू-चुना अजून सुटलेला नाही. डॉक्टरांना विचारावं तर तपासणीला सून सोबत असते. या गोळीने हृदयावर ताण येतो का? आणि हा त्रास बीपीच्या गोळ्यांमुळे तर नसेल?

उत्तर:

नमस्कार. कपाटातली गोळी कपाटातच राहू द्या. ती वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमच्या यादीतल्या निकोरँडिलमुळे. तुम्ही यादी पूर्ण लिहिलीत हे फार बरं केलंत. "बीपीच्या आणि हार्टच्या गोळ्या चालू आहेत" एवढंच लिहिलं असतं, तर तुम्हाला धड उत्तर देताच आलं नसतं.

आधी ही गोळी शरीरात काय करते ते सांगतो. लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यातून 'सीजीएमपी' नावाचा पदार्थ तयार होतो, त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि ताठरता येते. पुढे 'पीडीई-५' नावाचं एन्झाइम हे सीजीएमपी मोडून टाकतं आणि सगळं पूर्ववत होतं. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, व्हार्डेनाफिल, अवानाफिल ही औषधं या एन्झाइमला अडवतात. नळ आणि मोरी डोळ्यांसमोर आणा. नायट्रिक ऑक्साइड हा नळ, पीडीई-५ ही मोरी, आणि गोळी म्हणजे मोरीच्या तोंडाशी घातलेला बोळा. नळच बंद असेल तर नुसत्या बोळ्याने पाणी साचत नाही. म्हणून गोळी घेऊन टीव्ही बघत बसलं तर काहीच होत नाही, आणि बरेच जण "गोळी लागू पडली नाही" म्हणून सोडून देतात.

सॉर्बिट्रेट आणि तिच्या जातीची औषधं (यांना 'नायट्रेट' म्हणतात) नेमकी हा नळच सोडतात, आणि तोही एका जागेचा नव्हे, अंगभर. छातीत दुखताना जिभेखाली ठेवली की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो, दुखणं थांबतं. पण मोरी आधीच बंद असताना नळ असा सोडला, तर रक्तदाब कोसळतो. किती कोसळेल याचा अंदाज कुणालाच देता येत नाही. चक्कर येण्यावर भागू शकतं, किंवा हृदयाच्या स्नायूला रक्तच न मिळाल्याने झटका येऊन माणूस जाऊ शकतो. स्टेंट असलेल्याच्या इतर धमन्याही बऱ्याचदा थोड्याफार अरुंद असतात, त्यामुळे दाब पडला की पहिला फटका तिथे बसतो.

आता निकोरँडिल. त्याच्या नावात 'नायट्रेट' नाही, म्हणून ते नजरेतून सुटतं. या औषधाचं काम दुहेरी आहे: रक्तवाहिन्यांमधल्या पोटॅशियमच्या वाटा उघडणं, आणि नायट्रेटसारखा नळ सोडणं. त्यामुळे त्याच्याबरोबर सिल्डेनाफिल किंवा त्या गटातली कुठलीही गोळी चालत नाही. तुम्ही ते दिवसातून दोनदा घेता, म्हणजे नळ कायम थोडा चालूच. तुमच्या मित्रालाही स्टेंट असेल, पण त्याच्या यादीत हे औषध नसावं. त्याला काही झालं नाही म्हणून तुम्हालाही होणार नाही, असं म्हणता येत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांनी आपल्या स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून खालची बारीक ओळ वाचावी. 'आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट' (सॉर्बिट्रेट, आयसोर्डिल), 'आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट' (मोनोट्रेट, इम्डूर), 'नायट्रोग्लिसरीन' (नायट्रोकॉन्टिन, अँजिस्पॅन, तसंच जिभेखालचा फवारा आणि छातीवर लावायची पट्टी) किंवा 'निकोरँडिल' (निकोरान, कोरँडिल) यांपैकी काही दिसलं, तर ताठरतेच्या गोळीला पूर्ण मनाई. अर्धी चालेल, पाव चालेल, असा हिशेब इथे नाही. शहरांतल्या पार्ट्यांमध्ये 'पॉपर्स' म्हणून हुंगायची बाटली फिरते, तीही नायट्राइटच असते. तिलाही हाच नियम.

तुम्ही विचारलंत, गोळीने हृदयावर ताण येतो का. गोळीने येत नाही. गंमत म्हणजे सिल्डेनाफिल हे मुळात हृदयाचंच औषध व्हायचं होतं. इंग्लंडमधल्या सँडविच गावातल्या फायझरच्या प्रयोगशाळेत अंजायनासाठी त्यावर काम सुरू झालं. छातीच्या दुखण्यावर ते बेताचंच ठरलं, पण चाचणीतले पुरुष वेगळाच परिणाम सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला ताठरतेसाठी मान्यता मिळाली. निरोगी माणसात १०० एमजीने बसलेल्या अवस्थेतला रक्तदाब सरासरी ८/५ ने उतरतो. नायट्रेट नसेल, तर हे शरीर सहज पेलतं. स्वीडनमध्ये रुग्णनोंदींवर केलेला २०२१ चा एक अभ्यास आहे. त्यात स्थिर हृदयविकार असलेल्या आणि या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या पुरुषांमध्ये, ताठरतेसाठी अल्प्रोस्टाडिल हे वेगळ्या जातीचं औषध वापरणाऱ्यांपेक्षा मृत्यू कमी दिसले. पण एवढ्यावरून "ही गोळी हृदयाला चांगली" असं म्हणायची घाई आम्ही करणार नाही. मुळात धडधाकट असलेल्यांनाच गोळी लिहून दिली जाते, त्यामुळे असे आकडे गोड दिसू शकतात. मात्र नायट्रेट न घेणाऱ्या, स्थिर हृदयरोग्याने या गोळीला घाबरायचं कारण नाही, एवढं नक्की.

ताण येतो तो श्रमाचा. संबंधांच्या वेळचे श्रम साधारण ३ ते ५ 'मेट्स' (श्रम मोजायचं माप) असतात, म्हणजे दोन मजले झपाट्याने चढण्याइतके. न थांबता दोन मजले चढून छातीत दुखत नाही आणि वर गेल्यावर वाक्य पुरं करण्याइतका दम उरतो, तर हृदय हे श्रम पेलेल. संबंधांमुळे येणारे अटॅक एकूण अटॅकच्या १ टक्क्याहूनही कमी असतात, आणि नियमित चालणाऱ्या-धावणाऱ्यांत तो धोका आणखी उतरतो. तुमच्या घरातली भीती इथे जरा मोकळी व्हावी. अटॅक साधा असेल आणि नंतर हलक्या-मध्यम श्रमांना त्रास होत नसेल, तर आठवडाभरानंतरही संबंध ठेवता येतात. बायपासवाल्यांना छातीचं हाड जुळेपर्यंत ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं. तुम्हाला तर चौदा महिने झाले. डिस्चार्जच्या कागदावर मिठापासून जिन्यापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, फक्त याबद्दल एक ओळ नसते, आणि मग नवरा-बायको वर्षानुवर्षं दोन खाटांवर झोपतात.

तरीही तुमच्या बाबतीत नुसत्या जिन्यावर भरवसा ठेवू नये, कारण शुगर. बारा वर्षांच्या मधुमेहात हृदयाचे मज्जातंतूही बधिर झालेले असू शकतात, आणि मग रक्त कमी पडत असूनही छातीत दुखत नाही. म्हणून स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. पट्ट्यावर चालताना ५-६ मेट्सपर्यंत ईसीजी बिघडला नाही, रक्तदाब खाली आला नाही, ठोके अनियमित झाले नाहीत, की तुम्ही कमी धोक्याच्या गटात बसता. पट्ट्याचा वेग आणि चढ टप्प्याटप्प्याने वाढवायच्या नेहमीच्या 'ब्रूस' पद्धतीत ही मजल चौथ्या-पाचव्या मिनिटाला गाठली जाते. किती मेट्स झाले ते रिपोर्टवर छापलेलं असतं, तो आकडा मागून घ्या. हृदयरोग आणि लैंगिक आरोग्य यांवर 'प्रिन्स्टन' नावाने ओळखली जाणारी जी सहमती तज्ज्ञांनी १९९९ पासून वेळोवेळी सुधारत आणली आहे, तिचा गाभाही हाच आहे: आधी माणूस कमी, मधल्या की जास्त धोक्याचा ते ठरवा, मधल्याला स्ट्रेस टेस्ट करून एका बाजूला आणा, जास्त धोक्याच्याचं हृदय आधी स्थिर करा, गोळीचं नंतर.

काहींनी आज गोळीचा विचारच करू नये. गेल्या सहा महिन्यांत अटॅक, पक्षाघात किंवा ठोक्यांचा जीवघेणा बिघाड झालेले, बसल्या जागी किंवा संबंधांच्या वेळी छातीत दुखणारे, रक्तदाब ९०/५० च्या खाली किंवा १७०/११० च्या वर असणारे, महाधमनीची झडप फार अरुंद झालेले, हृदय निकामी होऊन पायांवर सूज आणि दम असलेले. डोळ्यांचा 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' हा आनुवंशिक आजार असलेल्यांनीही लांब राहावं.

आता निकोरँडिलचं काय करायचं? मनाने बंद करू नका, ही हात जोडून विनंती. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "हे मला आजही कशासाठी चालू आहे?" कधीकधी ते अँजिओप्लास्टीच्या डिस्चार्जवेळी लिहिलेलं असतं आणि पुढे प्रत्येक चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरत जातं. तसं असेल तर डॉक्टर ते बंद करतील, काही दिवस बघतील, स्ट्रेस टेस्ट करतील, आणि मगच गोळीचं बोलतील. पण दुसऱ्या एखाद्या धमनीत अडथळा उरला आहे आणि निकोरँडिलमुळेच छाती शांत आहे, असंही असू शकतं. तसं असेल तर ते चालूच राहील आणि ताठरतेसाठी वेगळा मार्ग घ्यावा लागेल. हा निर्णय अँजिओग्राफीची सीडी बघणाऱ्यानेच घ्यायचा.

दुसरं नाव टॅम्सुलोसिन. प्रोस्टेटसाठीची ही 'अल्फा ब्लॉकर' औषधं (अल्फुझोसिन, सिलोडोसिन, आणि बीपीसाठी दिलं जाणारं प्राझोसिनसुद्धा) रक्तवाहिन्या सैल करतात. त्यांच्याबरोबर पूर्ण मनाई नाही, पण शंभरची गोळी तर मुळीच नाही. सुरुवात २५ एमजीने, टॅम्सुलोसिन अंगवळणी पडल्यानंतर, आणि दोन्हींत निदान चार तासांचं अंतर ठेवून. घरी एक चाचणी करून ठेवा. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर तुमचा दाब आधीच उभ्याने पडतो आहे. हे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

आणखी एक मिश्रण आपल्याकडे सर्रास घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गजकर्णासाठी आठवडेच्या आठवडे चालणारं इट्राकोनाझोल, आणि घशा-छातीसाठी दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन. ही औषधं यकृतात सिल्डेनाफिलचा निचरा रोखतात, मग ५० ची गोळी अंगात त्याहून कितीतरी मोठी होऊन फिरते. अशा वेळी २५ च्या वर जाऊ नये, आणि टॅडालाफिल असेल तर ७२ तासांत १० एमजीहून जास्त नाही. त्वचेचे डॉक्टर हृदयाच्या गोळ्या विचारतात, पण "ती" गोळी विचारत नाहीत, आणि रुग्णही आपणहून सांगत नाही.

आयुर्वेदिक कॅप्सूलबद्दल आमचं मत कडक आहे: नको. आयुर्वेदाशी वैर म्हणून नव्हे. 'नैसर्गिक', 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल गुपचूप मिसळलेलं सापडल्याचे इशारे अमेरिकेचं औषध प्रशासन वर्षानुवर्षं देत आलं आहे. एका तासात 'असर' दाखवणारी जडीबुटी असेल, तर तिच्या पोटात काय आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. निकोरँडिल घेणाऱ्याला ती उघड गोळीपेक्षाही घातक, कारण काय घेतलं हे त्यालाच ठाऊक नसतं. तसंच, सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलसोबत डॅपॉक्सेटिन एकत्र असलेल्या गोळ्या मेडिकलवाले "डबल पॉवर" म्हणून पुढे करतात. डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनासाठीचं औषध आहे, त्याने उभ्या उभ्या चक्कर येऊन माणूस पडू शकतो, आणि हृदयाच्या बऱ्याच आजारांत ते वर्ज्य आहे. ते तुम्हाला नको.

बीपीच्या गोळ्यांवरचा तुमचा संशय अगदी अनाठायी नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइडने ताठरता घटू शकते, मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉलनेही थोडी. पण इटलीत २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग ऐकण्यासारखा आहे. ताठरतेची तक्रार नसलेल्या ९६ हृदयरुग्णांना ॲटेनोलॉल दिलं. ३२ जणांना औषधाचं नावही सांगितलं नाही, ३२ जणांना फक्त नाव सांगितलं, आणि उरलेल्या ३२ जणांना "याने ताठरता जाऊ शकते" हेही सांगितलं. त्रास झाला तो अनुक्रमे १, ५ आणि १० जणांना. औषध तेच! म्हणजे गोळीइतकंच मनही घात करतं. तुमचा त्रास तर अटॅकच्या आधीपासूनचा आहे. तरीही थायाझाइड बदलता येईल का, मेटोप्रोलॉलऐवजी नेबिव्होलॉल चालेल का, हे विचारायला हरकत नाही. टेल्मिसार्टनमुळे त्रास होत नाही, उलट त्या गटाला या बाबतीत बरंच म्हणतात. मेटोप्रोलॉल मात्र अचानक थांबवू नका. अटॅक येऊन गेलेल्या हृदयाला तो झटका सोसत नाही.

"आधीही दोन-तीन वर्षं त्रास होता" हे तुमचं वाक्य आम्ही दोनदा वाचलं. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. भिंतींवर थर जमायला लागला की बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे ताठरतेचा त्रास आणि हृदयाचं दुखणं यांत बऱ्याचदा दोन ते पाच वर्षांचं अंतर असतं. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. पण चाळिशी-पन्नाशीतल्या ज्या वाचकाला असा त्रास हळूहळू सुरू झाला आहे आणि हृदयाची काहीच तक्रार नाही, त्याने मेडिकलमध्ये जाण्याआधी रक्तदाब, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि सकाळी ८ ते ११ दरम्यान टेस्टोस्टेरॉन एवढं तपासून घ्यावं. सकाळीच का, तर दुपारनंतर ते मुळातच उतरतं आणि रिपोर्ट फसवा येतो.

समजा निकोरँडिल बंद झालं, स्ट्रेस टेस्ट नीट आली आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. मग २५ ची गोळी, संबंधांच्या साधारण तासभर आधी, हलक्या पोटी. रविवारी मटणावर ताव मारून घेतलेली गोळी तासभर उशिरा चढते आणि तिचा जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. "गोळी बनावट निघाली" या तक्रारीमागे अनेकदा तांबडा रस्सा असतो. दारू नको, दोन्हींनी दाब उतरतो. चोवीस तासांत एकच. पहिल्याच वेळी जमलं नाही तर डोस वाढवायची घाई करू नका, चार-पाच वेळा नीट पद्धतीने घेऊन मग ठरवा. डोकं जड होणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ हे होऊ शकतं. थोडा वेळ सगळं निळसर दिसलं तरी घाबरू नका. पण एका डोळ्याची नजर किंवा कान अचानक गेला, किंवा ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटल गाठायचं. मधुमेहींना गोळी थोडी कमी लागू पडते, हेही आधीच कळलेलं बरं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेहींवरच्या चाचणीत सिल्डेनाफिलने ५६ टक्के जणांना फरक पडला, नुसत्या खोट्या गोळीने १० टक्के.

तुमचे युरॉलॉजिस्ट कदाचित टॅडालाफिल ५ रोज घ्यायला सुचवतील, कारण ते प्रोस्टेट आणि ताठरता दोन्हींसाठी चालतं. ऐकायला सोयीचं आहे. पण ते अंगात फार रेंगाळतं, निम्मं उतरायलाच साडेसतरा तास लागतात. रोज घेणाऱ्याला सॉर्बिट्रेट देता येईल असा एकही सुरक्षित दिवस उरत नाही. हृदयाची आणि लघवीची फाइल वेगळ्या दोन डॉक्टरांकडे असते, त्यामुळे दोन्ही चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवून दोघांनाही दाखवा. तुमच्यासाठी लवकर उतरणारं सिल्डेनाफिल आम्हाला जास्त पटतं.

आता खिशातली सॉर्बिट्रेट. तुम्ही ती घेतली नसेल, पण अडचणीच्या वेळी ती तुमच्या तोंडात दुसराच कुणीतरी घालणार आहे. आपल्याकडे छातीत दुखलं म्हटलं की शेजारी, मेव्हणा, रिक्षावाला, सगळ्यांना एकच ठाऊक असतं: जिभेखाली सॉर्बिट्रेट. व्हॉट्सॲपवर तर 'हार्ट अटॅक किट' म्हणून तिची पुडी फिरते. गोळी घेतल्याचं फक्त तुम्हालाच माहीत असेल आणि तुम्ही बोलायच्या अवस्थेत नसाल, तर हा चांगुलपणाच घात करील. म्हणून गोळी सुरू झाली तर खिशातून सॉर्बिट्रेट काढायची का, हे त्याच भेटीत डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि घरात दोघांनाही तोंडपाठ असू द्या: सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट नाही. त्यानंतरही द्यायची वेळ आली तर हॉस्पिटलमध्ये, मॉनिटर लावून.

त्या काळात छातीत दुखलं तर लगेच थांबा, बसा किंवा आडवे व्हा. १०८ ला फोन करा. सॉर्बिट्रेट नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर इकोस्प्रिन ७५ (हीच ॲस्पिरिन) च्या चार गोळ्या चावून खा. हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना विचारूनच केलेलं बरं. आल्या आल्या पहिलं वाक्य: "इतक्या वाजता सिल्डेनाफिल इतक्या एमजीची घेतली आहे." डॉक्टरांकडे नायट्रेटशिवाय बरीच हत्यारं असतात, फक्त त्यांना हे कळायला हवं. चुकून सॉर्बिट्रेट दिली गेली आणि माणूस गळाठला, तर त्याला बसवून पाणी पाजत राहू नका. सपाट झोपवा आणि पाय उशीवर उंच करा. मनगटावर नाडी लागत नाही म्हणून आणखी एक सॉर्बिट्रेट, हे तर मुळीच नको. बायकोपासून गोळी लपवून घेण्याला आमचा विरोध आहे तो याचसाठी. रात्री दोन वाजता तुमच्या वतीने बोलणारी तीच असते.

निकोरँडिल चालूच ठेवायचं ठरलं, तरी दार बंद होत नाही. व्हॅक्युम पंप असतो: नळीतली हवा ओढून काढून ताठरता आणायची आणि मुळाशी रबरी कडं चढवायचं. कडं तीस मिनिटांत काढायचंच. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असल्याने निळे डाग पडू शकतात, म्हणून आधी युरॉलॉजिस्टकडून शिकून घ्या. (स्टेंटला वर्ष उलटलंय, तेव्हा क्लोपिडोग्रेल अजून हवं का हेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून टाका, मनाने सोडू नका.) लिंगात बारीक सुईने घ्यायचं अल्प्रोस्टाडिल हा दुसरा मार्ग. ऐकून अंगावर काटा येतो, प्रत्यक्षात सुई इन्सुलिनच्या सुईसारखी असते. त्याचं नायट्रेटशी भांडण नाही. पहिला डोस दवाखान्यातच.

तंबाखू-चुना. निकोटिन धमन्या आवळतं, आणि तुम्ही धमन्या सैल करायची गोळी शोधताय. ती पुडी सुटेपर्यंत कुठलीही गोळी निम्म्या ताकदीनेच लढणार. चालणं मात्र तुम्ही छान धरलंय, त्याला थोडी गती द्या: आठवड्याला साधारण १६० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. सहा महिन्यांत ताठरतेवर त्याचा परिणाम दिसतो, असं या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेणारे सांगतात.

राहिला सुनेचा प्रश्न. तपासणी झाली की "बाळा, तेवढी औषधं घेऊन ये खालून," म्हणून तिला मेडिकलमध्ये पाठवा आणि घडी घातलेली एक चिठ्ठी डॉक्टरांपुढे सरकवा. तोंडाने काही बोलायची गरज नाही. चिठ्ठीवर एवढंच असू द्या: "ताठरतेचा त्रास तीन-चार वर्षं आहे. सिल्डेनाफिल घ्यायचा विचार आहे, अजून घेतलेली नाही. निकोरँडिल आणि टॅम्सुलोसिन चालू आहे, खिशात सॉर्बिट्रेट असते. निकोरँडिलची आज गरज आहे का? स्ट्रेस टेस्ट करायची का?" खाली उभ्या-आडव्याचे बीपीचे आकडे. असे कागद डॉक्टरांनी पुष्कळ पाहिलेले असतात. आणि मित्राची ती शंभरची गोळी कपाटातून काढून पाकिटासकट त्याच भेटीत त्यांच्या टेबलावर ठेवा.